इंटेल की एएमडी? पहिला पीसी जोडणाऱ्यांसाठी प्रोसेसर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

पीसी जोडायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'इंटेल की एएमडी?' हाच. आमचा आग्रह आहे की त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी द्यावं. आधी काम, मग मदरबोर्ड आणि रॅमसह पूर्ण संचाची किंमत, आणि त्यानंतर कंपनी. हा क्रम उलटा केला की पैसे भलत्याच जागी जातात.

एक गैरसमज आधी दूर करू. 'एएमडीवर काही सॉफ्टवेअर चालत नाहीत' हे अजूनही ऐकू येतं. दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर एकच भाषा समजतात, आणि त्यामागे इतिहास आहे. आयबीएमने १९८१ साली आपल्या पीसीत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर घातला, पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायची तिची तयारी नव्हती. म्हणून १९८२च्या करारानुसार एएमडीला तेच प्रोसेसर बनवायची मुभा मिळाली. पुढे २००३ मध्ये एएमडीने ६४-बिट सूचनासंच आणला, तो इंटेलनेही स्वीकारला. आज तुमचं विंडोज ज्या सूचनांवर चालतं त्या या दोघींच्या सामाईक आहेत. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप, लिनक्स, सगळं दोन्हीकडे चालतं.

एएमडी तापतो आणि हळू चालतो, ही ख्याती २०११च्या बुलडोझर मालिकेने मिळवून दिली, आणि तेव्हा ती खरी होती. त्या काळात इंटेलला घाई नव्हती: २०१७ सुरू झालं तरी सर्वसाधारण डेस्कटॉपसाठीचा तिचा सर्वांत वरचा आय७-७७००के चारच कोरचा होता (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). मार्च २०१७ मध्ये एएमडीचा आठ कोरचा रायझन आला आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलने सहा कोरचा आय७-८७००के काढला. तेव्हापासून आघाडी सतत हात बदलते आहे. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी पीसी घेतलेल्या मित्राचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडत नाही.

पायरी १: काम एका वाक्यात लिहा

'सगळ्यासाठी' असं लिहू नका. 'टॅली, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग' किंवा 'मिररलेस कॅमेऱ्याच्या व्हिडिओचं एडिटिंग' असं लिहा.

ऑफिस, हिशेब, अभ्यास एवढंच असेल तर चार ते सहा कोर भरपूर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, पण प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स हवंच. इंटेलचा आय३-१२१०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी यात चपखल बसतो. वाचलेले पैसे एसएसडीत आणि दुसऱ्या रॅमच्या काडीत घाला.

गेमिंगसाठी आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा. मध्यम कार्डाबरोबर सहा कोरचा कोणताही अलीकडचा प्रोसेसर पुरतो. कार्ड वरच्या दर्जाचं असेल तरच एएमडीच्या एक्स३डी मालिकेकडे पाहा. त्यात प्रोसेसरच्या चकतीला जोडून कॅशचा, म्हणजे प्रोसेसरमधल्याच लहान पण वेगवान मेमरीचा, जादा थर रचलेला असतो. ७८००एक्स३डीमध्ये एल३ कॅश ९६ एमबी आहे. गेमला लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता तिथेच सापडतो, त्यामुळे फ्रेम वाढतात. एक्सेल किंवा रेंडरिंगमध्ये याचा फायदा जवळपास दिसत नाही.

व्हिडिओ एडिटिंगची गोष्ट निराळी. बरेच मिररलेस कॅमेरे टेन-बिट फोर-टू-टू एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) प्रकारात चित्रण करतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तो प्रकार थेट उलगडायची सोय आहे, तिला क्विक सिंक म्हणतात. एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती नाही आणि ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. सोय नसेल तर टाइमलाइन अडखळते, आणि दोष रॅमवर जातो. असं चित्रण करणाऱ्यांनी अंगभूत ग्राफिक्स असलेला इंटेल घ्यावा.

प्रोग्रामिंग, कंपाइल, ब्लेंडरमधलं थ्रीडी काम यांत कोर जितके जास्त तितकं बरं. तिथे दोन्ही कंपन्या तुल्यबळ आहेत.

पायरी २: नाव अक्षर-अक्षर वाचा

स्पर्धेचा ग्राहकाला सर्वांत मोठा त्रास नावांत होतो. एकमेकींवर कुरघोडी करताना दोघींनी नावं इतकी गुंतवली आहेत की शेवटचं एक अक्षर चुकलं तर पीसी सुरूच होत नाही.

इंटेलमध्ये शेवटी एफ असेल तर अंगभूत ग्राफिक्स बंद असतं. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत फरक एवढाच. ग्राफिक्स कार्ड न घेता एफ घेतला तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. के म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. केएफ म्हणजे ती मुभा, पण ग्राफिक्स नाही. टी म्हणजे कमी विजेवर चालणारा.

एएमडीत एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) उलटी रीत आहे: शेवटी जी असेल तरच ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्समध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. पण ५६००जीची एल३ कॅश १६ एमबी आहे, ५६००ची ३२. शिवाय ५६००जी पीसीआयईच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या, तिसऱ्या पिढीवर थांबतो. पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर जी हा मधला मार्ग ठरत नाही. एएम५वर आलं की नियम पुन्हा बदलतो: ७६०० किंवा ९६००एक्सला डिस्प्लेपुरतं लहानसं ग्राफिक्स असतंच, एफवाल्यांना नसतं. रायझन ५ ८४००एफ नावाने ७५००एफच्या वरचा वाटतो, पण त्याची कॅश १६ एमबी आणि ७५००एफची ३२. गेमिंगसाठी ७५००एफच घ्या, आकड्याला भुलू नका.

कोर मोजतानाही जपून. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोर असतात: जोरकस पी-कोर आणि वीज वाचवणारे ई-कोर. आय५-१३४००चे 'दहा कोर' म्हणजे सहा पी आणि चार ई. रायझन ५ ७६००चे सहाच्या सहा एका जातीचे. त्यामुळे नुसत्या संख्येची तुलना फसवते.

आणि 'आय७ कॉम्प्युटर, फारच स्वस्त' अशा जाहिरातीतला आय७ कोणत्या पिढीचा ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव मोठं लक्षण खोटं, असे हे व्यवहार असतात. आय७-२६०० हा २०११चा. त्याचे चार कोर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). आज खालच्या पायरीवरच्या आय३-१२१००चेही तेवढेच, आणि तो कितीतरी वेगवान. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १०ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात: रायझन ७००० मालिकेत पिढी पहिला आकडा नव्हे, तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या कोरच्या रचनेचं नाव), चार कोर. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोर. आकड्यात दहाचा फरक, कामात मोठा.

पायरी ३: पूर्ण संचाची बेरीज करा

प्रोसेसर एकट्याने विकत घेता येतो, वापरता येत नाही. तीन ओळी लिहा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. एकाच दिवशीच्या भावाने बेरीज करा आणि बेरजांची तुलना करा.

आज समोर चार सॉकेट येतील. इंटेलचं एलजीए१७०० बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी. त्यावर बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते, दोन्ही एकत्र नाही. एलजीए१८५१ कोर अल्ट्रा २०० मालिकेसाठी, फक्त डीडीआर५. एएमडीचं एएम४ जुनं, डीडीआर४वर चालणारं. एएम५ सप्टेंबर २०२२चं, फक्त डीडीआर५. घरात डीडीआर४च्या चांगल्या काड्या पडून असतील तर एलजीए१७०० किंवा एएम४कडे पारडं झुकतं. रॅमच्या किमती २०२५च्या अखेरीपासून इतक्या चढल्या आहेत की आधी नगण्य वाटणारी ही ओळ आता निर्णायक ठरू शकते.

पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा असेल तर एएम५चं पारडं जड. एएमडीने त्याला २०२७ आणि पुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे, आणि एएम४चा अनुभव पाठीशी आहे: २०१७च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० चालतो. इंटेल साधारण दोन-तीन पिढ्यांनी सॉकेट बदलते. उलट, एकदा घेतलेला पीसी सात वर्षं न उघडणाऱ्या माणसाने या मुद्द्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बोर्ड घेताना चिपसेटचं, म्हणजे बोर्डाच्या सोयी ठरवणाऱ्या चिपचं, नाव पाहा. इंटेलचा एच६१० सर्वांत साधा: रॅमच्या दोनच जागा, रॅमचा वेग वाढवता येत नाही. आय३ किंवा साध्या आय५ला तो चालतो. त्यावर आय९ बसवला तर बोर्डाचा वीजपुरवठा करणारा भाग तापतो आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. बी७६० बहुतेकांना योग्य. के प्रोसेसरचा वेग वाढवायचा असेल तरच झेड मालिका. एएमडीत ए६२० साधा, बी६५० आणि बी८५० मधले, आणि त्यांवर प्रोसेसरचा वेगही वाढवता येतो.

विजेचे आकडेही तुलनेआधी समान करून घ्या. एएमडी '६५ वॅट' लिहिते तेव्हा सॉकेटमधून प्रत्यक्ष ८८ वॅटपर्यंत वीज घेतली जाते. १०५चे १४२ आणि १७०चे २३० होतात. इंटेल मूळ आणि कमाल असे दोन आकडे देते: आय५-१२४००चे ६५ आणि ११७, आय९-१४९००केचे १२५ आणि २५३. कूलर आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नेहमी मोठ्या आकड्यावरून ठरवा.

पायरी ४: खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन, तीन गोष्टी सोडू नका. बॉक्स पॅक प्रोसेसर मागा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची थेट वॉरंटी नसते. बिल जीएसटीचं आणि त्यावर सिरियल नंबर लिहिलेला घ्या. ऑनलाइन पार्सल उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ काढा.

दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: 'या बोर्डाच्या बायोसला हा प्रोसेसर ओळखता येतो का?' सहाशे मालिकेचा इंटेल बोर्ड बारावी पिढी ओळखतो, पण जुनं बायोस असेल तर तेरावी-चौदावी नाही. जुन्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेचं तसंच. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न ओळखताही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. नसेल तर दुकानातच करून घ्या.

सेकंडहँड बाजारात तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७, आय९ आणि के मालिकेतले आय५ आमच्या मते घेऊच नयेत. त्यांत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू कायमचा खराब होण्याचा दोष निघाला. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि बॉक्स पॅकची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण दुरुस्ती पुढचं नुकसान टाळते, झालेलं भरून काढत नाही. लक्षण ओळखायला अवघड आहे: कार्डात मेमरी शिल्लक असूनही गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणत बंद पडतो, किंवा मोठी फाइल उलगडताना चूक येते. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसतात.

पायरी ५: बसवणे

बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. हात लावण्याआधी प्लगला जोडलेल्या एसएमपीएसच्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा.

एलजीए सॉकेटमध्ये, म्हणजे इंटेल आणि एएम५मध्ये, पिना बोर्डावर असतात. खटका सोडा, झाकण उघडा, प्रोसेसर कडांना धरा, कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि सरळ खाली ठेवा. दाबू नका, सरकवू नका. खटका बंद करताना चांगलाच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो अपेक्षित आहे. प्लॅस्टिकचं काळं झाकण आपोआप निसटतं. ते जपून ठेवा, कारण बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात: तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर एखादी पिन वाकलेली आहे.

थर्मल पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी. बॉक्समधल्या कूलरला बहुधा ती आधीच लावलेली असते, तेव्हा वरून आणखी नको. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक पट्टी असते; ती काढायला विसरणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि मग पहिल्या मिनिटातच तापमान नव्वदीपार जातं.

इंटेलच्या कूलरला चार ढकलखुंट्या असतात. बाणाच्या उलट दिशेला फिरवून, समोरासमोरच्या दोन-दोन, 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. मग बोर्ड उचलून मागून पाहा: चारही पांढऱ्या टोकांचे पाकळ्यांसारखे दोन भाग फाकलेले दिसले पाहिजेत. एक जरी नीट बसली नसली तर कूलर तिरका राहतो. एएमडीच्या स्टेल्थ कूलरला चार स्क्रू: आधी बोर्डावरचे काळे प्लॅस्टिक कंस काढायचे, मग स्क्रू फुलीच्या क्रमाने थोडे-थोडे आवळायचे. जुना कूलर वापरणार असाल तर लक्षात ठेवा की एलजीए१२०० आणि त्याआधीच्या एलजीए११५एक्स बोर्डांवर भोकांचं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए१७००वर ७८. वेगळा कंस लागतो.

एएम४चा कूलर कधी काढायचा झाला तर आधी पीसी दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवून मग उचला. थंड पेस्ट गोंदासारखी धरते; सरळ ओढलात तर बंद खटक्यातूनही प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात.

बोर्डावर रॅमच्या चार जागा असतील तर दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. एकच काडी लावली तर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि अंगभूत ग्राफिक्सवर त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात आठ पिनांची प्रोसेसरची वायर लावा. ही चार-अधिक-चार अशी सुटते. ग्राफिक्स कार्डाची सहा-अधिक-दोन. दिसायला सारख्या, पण अदलाबदल करायची नाही.

पायरी ६: पहिली सुरुवात

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. कार्ड नसेल तरच बोर्डाला.

एएम५वर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळा राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमची वेळ जुळवत असतो. घाबरून मध्येच वीज बंद करू नका, पंधरा मिनिटं वाट पाहा. त्यानंतरही डिस्प्ले आला नाही तर बोर्डावरचे चार छोटे दिवे पाहा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहिला तिथे अडलं आहे. डीरॅम, म्हणजे रॅमचा दिवा, असेल तर एकच काडी दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा प्रयत्न करा. सीपीयू असेल तर आधी आठ पिनांची वायर, मग बायोसची आवृत्ती, मग सॉकेटच्या पिना.

बायोसमध्ये गेल्यावर रॅमचा वेग चालू करा. एएमडी बोर्डावर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी. हे न केल्यास ६००० वेगाची रॅम ४८०० किंवा ५६००वरच चालते. एएम५साठी ६००० हा समतोल वेग. चार काड्या लावायचा मोह टाळा: रायझन ७०००चा अधिकृत वेग दोन काड्यांना ५२०० आहे, चारला ३६००पर्यंत घसरतो. अँड्रॉइड एम्युलेटर किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एएमडी बोर्डावर एसव्हीएम मोड (त्यासाठी लागणारी सोय) तपासावा. तो बऱ्याचदा बंद असतो.

पायरी ७: परीक्षा

सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नाव, कोर आणि रॅमचा वेग जुळतो का पाहा. तिथे रॅमचा आकडा निम्मा दिसतो, ६०००च्या जागी ३०००. ते बरोबर आहे. मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवा.

इंटेलची तापमानमर्यादा साधारण १०० अंश, रायझन ७०००ची ९५. मोठे एक्स प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ला टेकतात, कारण तिथवर जाऊन जास्तीत जास्त वेग काढायचा अशीच त्यांची रचना आहे. पण ६५ वॅटचा प्रोसेसर एका मिनिटात तिथे पोहोचला तर कूलर नीट बसलेला नाही. खोलीचं तापमान जितकं वाढेल साधारण तितकंच प्रोसेसरचंही वाढतं: डिसेंबरात पुण्यात ७० दाखवणारा पीसी मे महिन्यात नागपुरात ८५ दाखवेल. विदर्भ-खानदेशात राहणाऱ्यांनी बॉक्समधल्या कूलरऐवजी टॉवर कूलर घ्यावा आणि कॅबिनेटला पुढे-मागे पंखे लावावेत.

पहिल्या आठवड्यात निळा स्क्रीन आला तर प्रोसेसर बदलायला धावू नका. आधी एक्स्पो किंवा एक्सएमपी बंद करून दोन दिवस वापरा. तक्रार थांबली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. तरीही चालू राहिली तर बायोस ताजं करा, काड्या एकेक करून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर रात्रभर तपासा, आणि त्यातूनही काही निघालं नाही तरच बिल आणि सिरियल नंबर घेऊन प्रोसेसरच्या वॉरंटीकडे वळा.